घरात राहणाऱ्या व्यक्ती

माझी आत्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी मोजायची. तिच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर दिसायचं. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला चादरबाई म्हणत आणि तीही फोन उचलला की "चादरबाई बोलतेय" असंच सांगे. वॉर्डातलं मळलेलं कापड गाठोडी बांधून खाली यायचं, लाँड्रीत जायचं, धुऊन परत यायचं आणि प्रत्येक खेपेला ती ते मोजायची. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं, बाळांची दुपटी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आत्याच्या ताब्यात हजारभर अंथरुणं होती आणि ती स्वतः मात्र आमच्या बाहेरच्या खोलीत आखूड दिवाणावर पाय दुमडून झोपायची.

मोजल्याशिवाय सही नाही, हा तिचा एकमेव धर्म. एकदा लाँड्रीचा माणूस घाईत होता. "बाई, रोजचीच गाठोडी आहेत, करा ना सही," म्हणाला. आत्यानं सगळी गाठोडी सोडायला लावली. दोन अभ्रे कमी निघाले. तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "दोन अभ्र्यांसाठी एवढा तमाशा?" आत्या म्हणाली, "अभ्र्यांसाठी नाही हो. सही माझी आहे." हा किस्सा ती आम्हाला वर्षातून दोनदा तरी सांगायची. मी तोंड वेडंवाकडं करून ऐकायचे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. बाबा पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे, म्हणजे दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून संध्याकाळी स्वतःच्या जिन्यावर कण्हत चढायचे. आई शाळेच्या बसमध्ये लहान मुलांना चढवायला-उतरवायला असायची. आत्या बाबांची मोठी बहीण, तरी त्यांना दादाच म्हणायची. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "मोजण्यात राहून गेलं." घर तिच्या आणि बाबांच्या पगारावर चालायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं भिंत कुठे आहे हे माहीत असतं तसं. त्यात आभार मानण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

ती मला बॅरिस्टर म्हणायची, कारण मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचे. आणि या बॅरिस्टरच्या डोक्यात बारावीच्या वर्षी खूळ शिरलं की परदेशात जाऊन दगडांचा अभ्यास करायचा.

"दगड?" आईनं विचारलं होतं. "इथे कमी आहेत?"

"भूगर्भशास्त्र, आई."

"तेच ते. डोक्यात आधीच भरलेत, आता वर पदवी घेणार."

आमच्याकडे पैसे नव्हते. म्हणजे अगदी उपाशी नव्हतो, पण तिकडच्या एका वर्षाच्या फीचा आकडा बाबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचायला सांगितला. तिकडे जायचं तर कॉलेजनंच पैसे दिले पाहिजेत, एवढं सरळ होतं. मग मी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून कॉलेजं शोधायला लागले आणि आठवडाभरात माझ्याकडे साठ नावांची यादी झाली. यादी कसली, जत्रा. प्रत्येक कॉलेज देखणं, प्रत्येकाला हिरवळ, प्रत्येक फोटोत तीन मुलं झाडाखाली हसत बसलेली.

ती यादी आत्याच्या हातात पडली. एका सुट्टीच्या दुपारी तिनं मला जमिनीवर बसवलं.

"हे बघ बॅरिस्टर. लाँड्रीतून कापड आलं की मी तीन ढीग करते. चांगलं, रफूचं आणि फडक्याचं. तुझ्या कॉलेजांचे कर."

"कॉलेजं म्हणजे चादरी आहेत का?"

"त्यांनी तुला पैसे द्यायचेत ना? मग कोण देतं आणि कोण नाही, हे आधी बघ. हिरवळ मग बघू."

आम्ही तीन दुपारी बसलो. मी वाचून दाखवायचे, ती कागदाच्या चिठ्ठ्या ढिगात टाकायची. फडक्यांचा ढीग पहिल्याच दिवशी उंच झाला. ही सगळी परदेशी मुलांना मदत न देणारी किंवा नावापुरती देणारी कॉलेजं. त्यात माझं सगळ्यात आवडतं गेलं, ज्याच्या मागे विझलेला ज्वालामुखी होता. मी रडकुंडीला आले. चिठ्ठी तिच्या हातातून ओढायला गेले तर ती म्हणाली, "ज्वालामुखी बघायला ये म्हणतील गं, जेवायला नाही घालणार."

चांगल्यांचा ढीग चार-पाच चिठ्ठ्यांचा. ही कॉलेजं मुलांना निवडताना त्यांच्या खिशात डोकावत नाहीत, आणि एकदा निवडलं की जितके कमी पडतील तितके देतात. पण तिथे जगभरातली हुशार पोरं रांगा लावून उभी. मधला ढीग रफूचा. ही देतात, चांगली देतात, पण घेण्याआधी बघतात की हे पोर आपल्याला कितीला पडणार. तुमची गरज जितकी मोठी, तितकं दार अरुंद.

"जीव या ढिगात लावायचा," आत्या मधल्या चिठ्ठ्यांवर हात ठेवून म्हणाली. "हॉस्पिटल चालतं ते रफूच्या चादरींवर. नव्या कोऱ्या कपाटात असतात, कोणी मोठा माणूस आला की काढायच्या."

शेवटी नऊ नावं उरली. दोन चांगली, सात रफूची. अर्जाची फी माफ करा म्हणून पत्रं लिहायची होती, त्याची मला लाज वाटत होती. गोलगोल शब्दांत काहीतरी लिहिलं तर आत्यानं ते वाचून परत दिलं. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? नाहीयेत पैसे, असं लिही. पैसे नसणं म्हणजे काही चोरी नाही." मी तसं लिहिलं. नऊपैकी आठांनी माफ केली.

इथवर सगळं नीट होतं.

मदतीच्या फॉर्मवर एक रकाना होता. घरात राहणाऱ्या व्यक्ती किती. त्याखाली नाव, वय, नातं, काय काम करतात. मी आई लिहिली, बाबा लिहिले, मला लिहिलं आणि आत्याच्या नावावर पेन थांबलं. आत्याचा पगार बाबांपेक्षा जास्त होता. तो लिहिला तर घराची मिळकत एकदम दुप्पट दिसणार. दुप्पट दिसली तर मदत कमी आणि मदत कमी म्हणजे मी इथेच. इंटरनेटवर अशा अर्ज करणाऱ्या मुलांचा एक अड्डा होता. तिथे कुणीतरी बेधडक लिहिलं होतं, "घरातले कमावणारे जितके कमी दाखवाल तितकं बरं." लिहिणारा कोण, कुठला, त्याला स्वतःला कुठे प्रवेश मिळाला होता का, देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणारे तिथे पुष्कळ होते. कॉलेजला पत्र लिहून विचारता आलं असतं. फॉर्मच्या वर ठळक अक्षरात लिहिलंही होतं की शंका असल्यास विचारा. मी विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी "आत्याचा पगार लिहा" म्हटलं तर?

मी लिहिलं, तीन.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. अर्जाबरोबर निबंध होता. तुमच्या आयुष्यावर ज्यांचा प्रभाव पडला अशा एका व्यक्तीविषयी लिहा. माझा निबंध आत्यावर होता. तळघर, गाठोडी, दोन अभ्र्यांचा किस्सा, सगळं होतं त्यात, आणि पहिलंच वाक्य होतं, "माझी आत्या आमच्याबरोबर राहते." आता एका कागदावर आत्या घरात आणि दुसऱ्यावर घरातच नाही, हे कसं चालणार? चोराच्या मनात चांदणं. निबंध बदलायचा तर दुसरं माणूस कुठून आणू? चार महिने घासून लिहिलेला निबंध होता तो. मग मी फक्त दोन शब्द बदलले. आत्याच्या जागी लिहिलं, "आमच्या शेजारी राहणाऱ्या एक बाई."

दोन मिनिटं लागली. वाचून बघितलं तर निबंध आणखीच चांगला वाटला मला. शेजारच्या बाईंकडूनही शिकणारी मुलगी, किती मोठ्या मनाची.

बाबांच्या सह्या कागदावर लागणार होत्या. त्या दिवशी माझं शाळेत प्रॅक्टिकल होतं. मी सगळं एका फाईलमध्ये घालून कोपऱ्यावरच्या प्रिंटवाल्याला पाठवलं आणि आत्याला फोन केला, "येताना प्रिंट घेऊन ये ना." एवढी अक्कल. जगात कुठल्याही माणसाला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मी कागद आणायला पाठवलं अशा बाईला, जिनं आयुष्यात कुठलीही वस्तू बघितल्याशिवाय ताब्यात घेतली नव्हती. तिकडची भाषा तिला बोलता यायची नाही, पण वाचता यायची. हॉस्पिटलच्या सगळ्या याद्या त्याच भाषेत असायच्या.

मी घरी आले तर कागद टेबलावर होते, नीट, वर पेपरवेट. आत्या स्वयंपाकघरात चहा करत होती.

"सगळे आलेत का गं?" मी विचारलं.

"अकरा पानं आहेत," ती म्हणाली. "दादाची सही सहाव्यावर आणि नवव्यावर. पाठवणार कधी?"

"शुक्रवारी."

"बरं."

तिनं वाचलं की नाही? चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिनं मला चहा दिला, साखर बरोबर घातलेली. मी मनाशी म्हटलं, नसेल वाचलं. पानंच मोजली असतील.

बुधवारी जेवताना तिनं सांगितलं की शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, ती तिनं घेतली. गुडघे दुखतात, तीन जिने झेपत नाहीत.

बाबांचा हात ताटातच राहिला. "कधीपासून दुखतायत? बोलली नाहीस कधी."

"रोज काय रडगाणं गायचं?"

"ताई, लोक काय म्हणतील? बहिणीला घराबाहेर काढली म्हणतील."

"म्हणणाऱ्यांना तीन जिने चढायला सांग. वर येईपर्यंत दम लागून गप्प होतील."

आई हसली. बाबाही शेवटी हसले. मी हसले नाही. बाबा म्हणत होते, महिनाअखेरीला जा, मी रंग तरी काढून देतो. ती म्हणाली, नाही, उद्याच जाते. उद्या म्हणजे गुरुवार.

तेव्हा मला सगळं कळलं. एखाद्यानं सगळ्यांसमोर तोंडात मारावी तसं झालं, पण आवाज फक्त मला ऐकू आला. शुक्रवारी बाबांची सही असलेला कागद जाणार होता की या घरात तीन माणसं राहतात. तो कागद खोटा असता. आत्याला मला पकडता आलं असतं, रागवता आलं असतं, बाबांना सांगता आलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. तिनं कागद खरा केला. आणि खोली घेतली ती शेजारच्या इमारतीत, म्हणजे निबंधसुद्धा खरा झाला.

गुरुवारी तिचं सामान मीच खाली नेलं. एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या, टेबलफॅन. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला वाटत होतं, आता बोलावं. शेवटच्या खेपेला ती जिन्यात कठडा धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, ती वाट बघत होती. मी म्हटलं, "आत्या, फॅन कुठे ठेवू?"

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी अपराधी वाटलंच नाही. मला हायसं वाटलं. आता फॉर्ममध्ये काही खोटं नव्हतं, कुणी तपासायला आलं असतं तरी चाललं असतं. अपराधी वाटायला वेळ लागला. पण एकदा वाटायला लागलं ते आजवर थांबलेलं नाही.

चांगल्या ढिगातल्या दोन्ही कॉलेजांनी नाही म्हटलं. रफूच्यातल्या पाचांनी नाही म्हटलं, एकानं थांबायला सांगून नंतर नाही म्हटलं आणि एकानं घेतलं, जवळजवळ सगळे पैसे देऊन. पत्र आलं तेव्हा आईनं खिडकीतून शेजारच्या इमारतीकडे तोंड करून हाका मारल्या. आत्या खाली अंगणात आली, वर बघून तिनं दोन्ही हात हलवले. "कुठल्या ढिगातलं?" तिनं ओरडून विचारलं. "रफूच्या!" मी ओरडले. तिला एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. त्या निबंधाचं पत्रात कौतुक होतं, खाली पेननं लिहिलेलं. "तुमच्या शेजारच्या बाईंना आमचा नमस्कार सांगा." ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

निघताना तिनं मला सुती चादर दिली, विकत घेतलेली, हॉस्पिटलची नाही. "लांब आहे," म्हणाली. "पाय पसरून झोप."

तिकडे तीन वर्षं मी घरी आले नाही, तिकिटाचे पैसे नव्हते. फोनवर आईबाबा आणि कधीकधी आत्या असायची. मदतीचा फॉर्म दर वर्षी नव्यानं भरावा लागायचा. दर वर्षी तोच रकाना, दर वर्षी मी तीन लिहायचे. आणि दर वर्षी, बरोबर त्याच सुमाराला, आत्या फोनवर विचारायची, "फॉर्म गेला का?" गेला म्हटलं की म्हणायची, "बरं." ती काय विचारतेय हे मला कळायचं. हे वर्षही गेलं, पुढल्या वर्षीपर्यंत इथेच, असा तिचा हिशेब. मला फोन ठेवल्यावर जेवण जायचं नाही. मग संध्याकाळी जायचं. अठरा-वीस वर्षांच्या माणसाला भूक फार लागते.

तिसऱ्या वर्षी मला कॉलेजातच काम मिळालं, त्याच मदतीच्या ऑफिसात. कागद लावायचे, फायली क्रमानं ठेवायच्या, फोन घ्यायचे. आत्याचंच काम, फक्त कापडाऐवजी कागद. तिथे एक वयस्क बाई होत्या, तीस वर्षं हेच करणाऱ्या. एकदा फोनवर एका मुलानं विचारलं की माझा काका आमच्याकडे राहतो, त्याचा पगार लिहायचा का. मी फोनवर हात ठेवून बाईंना विचारलं. माझा आवाज नीट होता की नाही, आठवत नाही.

"काकाचा कशाला?" बाई फाईलमधून वर न बघता म्हणाल्या. "आम्ही आईवडिलांची मिळकत बघतो. काकाला यादीत लिहू दे, नाही लिहिलं तरी चालेल. आमच्या आकड्यात काही फरक पडत नाही."

"आणि आत्या असेल तर?"

आता त्यांनी वर बघितलं. "काका काय, आत्या काय. सारखंच."

मी त्या मुलाला सांगितलं, काकाला लिही, काही फरक पडत नाही. मग आणखी एक गोष्ट बाईंना विचारली. निबंध कोण वाचतं? त्या हसल्या. निबंध वाचणारे वरच्या मजल्यावर बसतात, त्यांचा आपला संबंध नाही, तिकडचे कागद इकडे येत नाहीत. म्हणजे मी आत्याला घराबाहेर काढलं तेही फुकट आणि परकी केली तेही फुकट. मी फायलींच्या खोलीत गेले आणि बराच वेळ एकच फाईल हातात धरून उभी राहिले. आपण काहीतरी मिळवण्यासाठी वाईट वागलो, असं निदान म्हणता येतं. मला तेवढंही म्हणता येत नव्हतं.

त्या सुट्टीत साठवलेल्या पैशांनी तिकीट काढून घरी आले. पिशवीत शेवटच्या वर्षाचा फॉर्म होता. विमानातच भरला. आई, बाबा, मी आणि चौथ्या ओळीत आत्या. नातं, आत्या. घरात राहणाऱ्या व्यक्ती, चार. मला वाटत होतं, हा कागद तिच्या हातात दिला की झालं. तिला हाताला धरून तीन जिने वर आणायचं, बाबांना सगळं सांगायचं, काय बोलणी खायची ती खायची. मनात मी आधीच माफ झाले होते.

घरात दिवाण नव्हता. तिथे आईनं शिलाई मशीन ठेवलं होतं. "ताई यायच्या ना रविवारी," आई म्हणाली, "पण हल्ली मीच डबा पाठवते खाली. त्यांना जिना होत नाही."

मी शेजारच्या इमारतीत गेले. खोली एकच, खिडकीला जाळी, एक खाट आणि ती मात्र लांब. भिंतीला घड्याळ, कपाटावर पेटी. आत्या निवृत्त झाली होती. खाटेच्या कडेवर बसून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाळलीस. बस."

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो रकाना, तो अड्डा, मी विचारलं नाही ते, फायलींच्या बाई. काहीच फरक पडला नसता, आत्या. तुझं नाव लिहिलं असतं तरी मला तेवढेच पैसे मिळाले असते. ती ऐकत होती. मी संपवलं तेव्हा म्हणाली, "फॉर्मचं मला काही वाटलं नव्हतं. तिथे पैशाचं विचारलं होतं. तू घाबरलीस. घाबरल्यावर माणूस काहीही लिहितं."

मला रडू येत होतं पण जरा सुटल्यासारखंही वाटत होतं.

"निबंधाचं मात्र लागलं," ती म्हणाली.

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"प्रिंटवाल्याच्या दुकानात वाचला. सगळं माझंच होतं, अभ्र्यांचंसुद्धा. पण माणूस कोण तेच कळेना. तो एक शब्द मला येत नव्हता. आमच्या यादीत कधी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, शेजारीण." ती थांबली. "तिथे कुणी पैसे विचारले होते का गं? तिथे मला शेजारी कशाला नेऊन ठेवलंस?"

उत्तर होतं माझ्याकडे. दोन कागद जुळायला हवे होते. ते उत्तर तोंडातून निघेना, कारण ते ऐकायला कसं लागेल हे मला माहीत होतं.

मी पिशवीतून फॉर्म काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, पहिल्या पानापासून वाचलं. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मी म्हटलं, "चल आत्या. आज वर चल. मी बाबांना सगळं सांगते."

"दादाला सांगू नकोस. त्याला झेपणार नाही. सही त्याची आहे."

"बरं, नाही सांगत. पण तू चल."

"कशी येऊ?" तिनं साडी थोडी वर करून गुडघे दाखवले. सुजलेले, गरम पाण्याच्या पिशवीनं काळपट झालेले. "खोटंच सांगितलं होतं तेव्हा. पण एकदा बोलून गेले, तेही खरं झालं. गेल्या वर्षी शेवटची चढले होते वर. अर्ध्या जिन्यात बसले. दादानं उचलून नेली." ती हसली. "आता नाही गं जमत. आणि इथे मला झोप लागते."

"मग आम्ही खाली..."

"काय आम्ही खाली? घर विकणार?"

मी खाली बसले, तिच्या पायाशी. तिनं फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हे चुकीचं आहे, बॅरिस्टर. मी तिथे राहत नाही."

"काही फरक पडत नाही, आत्या. मी सांगितलं ना. लिहिलं काय, न लिहिलं काय."

"मला पडतो. सही करायची तर बरोबर असलं पाहिजे." तिचा आवाज अजिबात रागाचा नव्हता. लाँड्रीवाल्याशी बोलायची, तसाच होता. "तीन कर."

मी वाद घातला नाही. जन्मात पहिल्यांदा. तिच्या समोर, तिच्याच खोलीत बसून मी चौथ्या ओळीतलं आत्याचं नाव खोडलं, तिचं वय खोडलं, नातं खोडलं आणि चारचं तीन केलं. या वेळी त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. ती वरून बघत होती, नीट खोडलंय ना म्हणून. मग मला हुंदका आवरेना.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आधी कागद बाजूला घे," ती म्हणाली. "भिजला तर पुन्हा भरावा लागेल."